महिन्याच्या जेवणाला उगाली

बायको गेली त्याच्या तेराव्या दिवशी माझ्या मेव्हण्यानं अंगणात भावकीसमोर सांगितलं, की तो माझ्या पोरीला उरणला घेऊन जाणार. विचारलं नाही. सांगितलं.

"भावोजी, तुमी कारखान्यात जाल," तो म्हणाला. "पोर शाळंतून येईल नि चुलीपुढं बसंल. तुमाला भाकरी लागंल ना? कोण थापंल? तीच थापंल."

 तो गप्प बसणाऱ्यातला नव्हता. खाडीत जाळी टाकणारा माणूस, आवाज वाऱ्यावर चढवायची सवय.

"आमची आई मेली तवा माझी बहीण आठ वर्षांची व्हती. आमा चार भावांचं तिनं केलं. मी तीन वर्षांचा. तिनं शाळा बगितलीच नाय, आमच्या पायी. आता तिची पोर नाय बसवायची मी चुलीला. तुमी कायबी बोला."

लग्नाला एवढी वर्षं झाली होती आणि हे मला माहीत नव्हतं. तिला लिहिता येत नाही हे ठाऊक होतं. मलाही चौथीपलीकडं येत नाही, त्यामुळं कधी विचारलं नाही.

खोटं कशाला बोलू, त्याच्या बोलण्यात दम होता. बायकोला कावीळ झाली आणि आठ दिवसांत ती गेली. त्यानंतर एकदा मी पिऊन आलो आणि पोरगी तशीच उपाशी झोपली. ते आमच्या गावात, विचुंब्यात, सगळ्यांना कळलं होतं, म्हणजे उरणलाही कळलं असणार. सातवीत होती ती. तेरावं वर्ष लागलेलं. एकुलती एक, उशिरा झालेली. ती दारात उभी राहून ऐकत होती आणि मला तिचं तोंड दिसत नव्हतं.

मी म्हटलं, "पोरगी चुलीला हात लावणार नाय. मी रांधीन."

तेराव्याचं अंगण ते, तरी दोघी-तिघी हसल्या.

मला राग आला आणि रागात तोंडातून निघून गेलं, "महिन्याच्या जेवणाला या. मी केलेलं जेवा. नाय जमलं तर त्याच दिवशी घेऊन जा पोरीला."

मेव्हणा म्हणाला, "बरं. सगळ्यांनी ऐकलं."

आमच्यात माणूस गेल्यावर महिन्याच्या तिथीला जेवण घालतात. आधी गेलेल्याच्या नावानं पान काढायचं, ते कावळ्याला ठेवायचं, मग घरच्यांनी आणि पाहुण्यांनी जेवायचं. त्याला सतरा दिवस होते. मला चहासुद्धा येत नव्हता. दूध उतू जायचं.

दुसऱ्या दिवशी शेजारी भावाच्या घरी गेलो आणि भावजयीला म्हटलं, दाखव मला. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भावोजी, बापयाच्या हाताला भाकरी येत नाय. कशाला हट्ट करताव? मामाकडं पोरीचं बरंच व्हईल." म्हणजे तीही तिकडच्याच बाजूची. मग मी माझ्या मनानं कालवण केलं. बायकोनं उन्हाळ्यात करून ठेवलेल्या मसाल्याची बरणी होती, त्यातला किती घालायचा ते कळेना, मूठभर घातला. पोरीनं ते पाण्याबरोबर गिळलं. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर पोरगी घरात नाही. वरून आवाज आला.

वरची खोली मी भाड्यानं दिली होती. तळोज्याच्या एका कारखान्यात सहा महिने काम शिकायला टांझानियाहून एक माणूस आला होता, त्याच्याबरोबर त्याची बायको आणि चार वर्षांची मुलगी. खोली देताना मीही इतरांसारखाच होतो. काळी माणसं, काय खातील, काय शिजवतील, असं म्हणून मी दोन दिवस घोळ घातला होता. बायको म्हणाली, "माणसंच हायत ना? द्या." नंतर दोघींचं चांगलं जमलं. ती बाई समुद्रकाठची, माझी बायकोही तशीच. दोघी जिन्याच्या पायरीवर बसून नारळ खवायच्या. बाईला हिंदी सिनेमाची हिंदी यायची, तिकडं लहानपणापासून आपले सिनेमे बघितलेले. बायकोला हिंदीही यायची नाही. काय बोलायच्या देव जाणे. त्यांचा धर्म कोणता ते बायकोनं विचारून घेतलं होतं, मला सांगायचं राहून गेलं. मी पुढं कधी विचारलं नाही.

मी रागातच जिना चढलो. बघतो तर चौघं खाली चटईवर बसलेले. मधे एक मोठं ताट, त्यात पांढऱ्या पिठाचा गोळा, जाड, गुळगुळीत, टोप उपडा केल्यासारखा. बाजूला वाडग्यात माठाची भाजी आणि मासा. सगळे एकाच ताटातून हातानं तोडून खात होते आणि माझी पोरगी त्यांच्यात बसून, जन्मापासून तेच खाल्ल्यासारखी, गोळा वळून अंगठ्यानं खळगा करून त्यात भाजी घेत होती.

बाई म्हणाली, "आओ बाबा. खाना ठंडा हो जाएगा."

मी बसलो. खाल्लं. त्याला उगाली म्हणतात. मक्याचं पीठ आणि पाणी, बस्स. मासा नारळाच्या दुधात. माझ्या बायकोनं तो एकदा खाल्ला होता आणि खाली येऊन म्हणाली होती, आजाऱ्याचं जेवण. पण पोरगी चाटून खात होती. किती दिवसांनी.

हात धुताना मी बाईला म्हटलं, "मुझे सिखाओ."

ती नवऱ्याकडं बघून हसली. "मर्द? रसोई में?" मग पोरीनं तिला सगळं सांगितलं, शाळेतल्या इंग्रजीत. मामा येणार, महिन्याचा दिवस, अट. बाईचं हसणं थांबलं. ती म्हणाली, "कल से. कपड़ा पुराना पहनना."

तेव्हापासून घर माझं, पण मी त्यांच्याकडं पाहुणा. कारखान्यात साहेबाच्या पाया पडून जनरल शिफ्ट मागून घेतली. संध्याकाळी बस उतरलो की सरळ वर. बाई चटईवर बसून हुकूम सोडायची, नवरा कागद वाचायचा, दोन पोरी खिडकीत. माझ्या पोरीला मी बजावलं होतं, बघायचं, हात लावायचा नाही.

उगाली दिसते सोपी. आमच्या भाकरीच्या उकडीसारखीच, पाणी उकळायचं, पीठ टाकायचं. पहिल्या दिवशी मी बायको करायची तसं पीठ टाकून झाकण ठेवलं, आणि मीठ टाकायला हात नेला. लाकडी उलथन्याचा फटका बोटांवर.

"नमक नहीं! ढक्कन नहीं! घुमाओ!"

घुमवायचं म्हणजे नुसतं ढवळायचं नाही. टोपाच्या भिंतीवर पीठ दाबायचं, उलटं करायचं, परत दाबायचं, घट्ट होत जातं तसा जोर वाढवायचा. मी पंचवीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवलेला माणूस, माझे दंड भरून आले.

"हाथ से नहीं बाबा, कंधे से. बूढ़ा हो गया क्या?"

"नाय झालो."

"तो घुमाओ."

दुसऱ्या दिवशी गुठळ्या. तिसऱ्या दिवशी खाली लागली. चौथ्या दिवशी पातळ झाली, बाईनं ती मुलीला पेज म्हणून पाजली. तिच्या देशातून आणलेलं पीठ तोवर संपलं होतं, म्हणून मी पनवेलच्या बाजारातून पांढरा मका शोधून आणला आणि गिरणीत दळून घेतला. गिरणीवाला म्हणाला, "कोंबड्या पाळल्यास का?" मी म्हटलं, "हो."

मासा त्याहून वाईट. नारळाचं पहिलं दाट दूध बाजूला ठेवायचं, दुसऱ्या पातळ दुधात मासा शिजवायचा, दाट दूध अगदी शेवटी. त्याला उकळी येऊ द्यायची नाही. माझ्या हातून ते चार वेळा फुटलं. बाई डोक्याला हात लावायची. "दूध फटा तो शादी टूटी, बाबा." एकदा कांदा तिनं चिरला आणि डोळे माझे भरले. तिनं बघितलं. म्हणाली, "रोना है तो रो लो, पर चम्मच मत छोड़ो." आणि खरंच सोडला नाही.

आमचं जेवण शिकायला वेळ उरला नव्हता. मी रांधीन म्हटलं होतं, काय रांधीन ते म्हटलं नव्हतं, अशी मी माझी समजूत घालत होतो.  चार दिवस राहिले तेव्हा पोरीला विचारलं, "तुला जायचं हाय का मामाकडं?" ती वहीवर रेघा मारत राहिली. "तुमी ठरवा," म्हणाली. यातून काय समजायचं? त्या रात्री मला वाटलं, हिला जायचं असेल आणि मी उगाच उगाली घोटतोय.

महिन्याच्या दिवशी मेव्हणा सकाळीच आला. बरोबर त्याची बायको. एका हातात ओला गोणपाट, त्यात जिताडा, चांगला हातभर. दुसऱ्या हातात पत्र्याची ट्रंक. ट्रंक रिकामी होती, चालताना वाजत होती. त्यानं ती दारात ठेवली, पोरीच्या कपड्यांसाठी, आणि मासा माझ्या पुढ्यात टाकला.

"माझ्या बहिणीचा आवडता. रांधा."

मी सगळा सराव बारक्या बोईट माशांवर केलेला. जिताडा मी आयुष्यात फक्त खाल्ला होता. मी विळी घेतली आणि अंगणातल्या चुलीपाशी बसलो. मेव्हणा समोर ओट्यावर बसला, हाताची घडी घालून. भाऊ, भावजय, भावकीतले दोन म्हातारे हळूहळू आले. वरची बाई जिन्यावर बसली होती. मी तिला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, खाली यायचं नाही, नाहीतर म्हणतील तिनंच केलं. ती लुगड्यासारखं जे कापड गुंडाळते त्याचं टोक दातात धरून बसली होती.

खवलं काढताना मासा दोनदा हातातून निसटला. मेव्हण्याची बायको म्हणाली, "अगो बाय, मासा तरी धरा, तो मेलेला हाय." सगळे हसले, मेव्हणा नाही. मी तुकडे केले. नारळ खवला, दूध काढलं, दाट वेगळं, पातळ वेगळं. माठ चिरला. चुलीवर टोप चढवला. दाट दूध शेवटी ओतलं आणि उकळीआधीच टोप उतरवला. फुटलं नाही. उगाली घोटली, गुठळी नाही, लागली नाही. परातीत उपडी केली. गोल उतरली. जिन्यावरून बाईनं हळूच टाळी वाजवली.

माझ्या डोक्यात एवढंच होतं, की गरम आहे तोवर बसले पाहिजेत. परात मधे ठेवली. भाजी आणि मासा दोन वाडग्यांत काढून बाजूला ठेवले. म्हटलं, "बसा. हात धुवा."

बसले. पोरगी पहिली बसली. वर बसायची तशीच. तिनं परातीतून उगाली तोडली, वळली, खळगा केला, माशाच्या वाडग्यात बुडवली आणि खाल्ली.

"अगो!" मेव्हण्याची बायको ओरडली. "पान?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही.

मेव्हणा उठला. "माझ्या बहिणीचं पान काढलंत?"

नव्हतं काढलं. सतरा दिवस मी उगाली, दूध, मासा एवढंच डोक्यात घोळवलं होतं आणि ज्या बाईच्या नावानं हे सगळं चाललं होतं तिचं पान काढायचं राहिलं. एका परातीत वाढलेलं, त्यात पोरीचा हात गेलेला. उष्टं. ते पानावर जाणार नाही. वर त्यांच्या घरी कुणाचं पान काढत नाहीत, सगळे एकदम बसतात, तीच सवय मला लागली होती.

मेव्हणा ट्रंकेकडं बघत होता. पोरगी उठली. तिचं तोंड भरलेलं होतं, तिला गिळता येईना आणि थुंकताही येईना.

"मामा, मी खाल्लं पयलं," ती म्हणाली. "बाबांची चूक नाय. माझी हाय."

मी म्हटलं, "तुझी नाय. पान काढायचं काम माझं. तू बस."

भावजय मधे पडली. तिच्या मनात वाईट नव्हतं, ते मला आज कळतं. "माझ्याकडं सकाळच्या दोन भाकऱ्या हायत. टोपात मासा उरलाय ना? चला, पानावर ठेवू, कशाला अडवताव?"

टोपात मासा होता, डोक्याचा तुकडाही होता, भाजीही होती. नव्हती फक्त उगाली, ती सगळी परातीत. आणि दोन भाकऱ्या ठेवून सुटका झाली असती.

"नको," मी म्हटलं. "तिच्या पानावर आज मी केलेलंच जाईल. थांबा पाव तास."

"पीठ?" मेव्हणा म्हणाला.

पीठ वर बाईच्या डब्यात होतं. पोरगी जिन्याकडं धावली. मी तिला दंडाला धरून परत बसवलं आणि स्वतः गेलो. बाईनं डबा पुढं केला. झाकण तिनं आधीच काढलं होतं. 

पाणी उकळायला किती वेळ लागतो ते त्या दिवशी मला कळलं. सात माणसं भुकेली बसली होती आणि कुणी परातीला हात लावत नव्हतं. म्हाताऱ्यातला एक खोकला. पाण्याला बुडबुडे आले, मी थांबलो. घाई केली की गुठळ्या होतात. पूर्ण उकळी आली तेव्हा पीठ सोडलं. घोटायला लागलो. दंड भरले, घाम डोळ्यांत गेला. पोरगी ओट्यावरून बघत होती. एकदा लाकूड घालायला ती सरकली, मी मान हलवली, ती थांबली. तिचा मामा ते बघत होता. तो माझ्याकडं बघत नव्हता, तिच्या हातांकडं बघत होता.

केळीचं पान आणलं. उगालीचा गोळा, माठ, जिताड्याचं डोकं. पान उचलायला गेलो तर मेव्हण्यानं ते माझ्या हातातून घेतलं. जिन्यानं वर गेला, बाईनं पाय आखडून त्याला वाट दिली. गच्चीवर तो बराच वेळ होता.  मग रिकाम्या हातानं खाली आला. कावळा शिवला की नाही ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

तो परातीशी बसला. पोरीशेजारी. तिच्याकडं बघून तिच्यासारखा गोळा वळायला लागला, त्याला खळगा जमेना, पोरीनं अंगठा कसा दाबायचा ते दाखवलं.

"मीठ नाय याच्यात," तो म्हणाला.

"नसतंच."

"कोण बोललं?"

"वरची."

त्यानं जिन्याकडं बघितलं. मग जेवला. मासा दोनदा घेतला. बाकीचे त्याच्या मागून जेवले. भावजय म्हणाली, मसाला असता तर बरं झालं असतं, आणि तरी वाडगा पुसून खाल्ला.

हात धुऊन तो पोरीला म्हणाला, "तू बोल. यायचं हाय?"

मी परात उचलत होतो. हातातच राहिली.

"मला परीक्षा हितं द्यायची हाय," ती म्हणाली. एवढंच. रडली नाही.

मेव्हण्यानं ट्रंक उचलली. बायकोला म्हणाला, "चल." दारात वळून मला म्हणाला, "परीक्षेपर्यंत ठेवतो. पण मी येईन. सांगून येणार नाय."

आणि आलाच. परीक्षा झाली तरी येत राहिला. उन्हाळ्यात वरची मंडळी त्यांच्या देशाला गेली, पोरगी आठवीत गेली, नववीत गेली, आणि महिन्यातून एखाद्या दिवशी भरदुपारी हा दारात. पहिलं काम म्हणजे पोरीचे हात उलटेसुलटे करून बघायचे, कुठं भाजलंय का, पीठ आहे का. मग झाकणं उचलायची. तोवर मला आमचं जेवणही येऊ लागलं होतं, बायकोसारखं नाही, पण येत होतं. बायको माझ्या हातचं कधीच जेवली नाही. त्या दिवशी गच्चीवर ठेवलं तेवढंच.

दहावीच्या वर्षी एकदा पोरीच्या मनगटावर भाजल्याचा डाग होता. मेव्हण्यानं तिचा हात धरला तो सोडला नाही.

"ह्ये काय?"

"मामा, इस्त्रीनं. गणवेशाला इस्त्री करत व्हते."

"भावोजी, इस्त्री दाखवा."

मी आतून इस्त्री आणली. त्यानं ती हातात घेतली, टोक पोरीच्या मनगटाशी धरून बघितलं, डागाशी जुळवलं. मग इस्त्री खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसला.

"वाढा," म्हणाला.